कार्पेटखालचं डान्सिंग

आमच्या शेजारच्या डच मावशींचं घर विकलं गेलं होतं. आठवडाभरात मुलगी येऊन त्यांना अ‍ॅरिझोनाला घेऊन जाणार होती. आणि त्याआधी त्यांना एकदा नाचायचं होतं. एकदाच, पण नीट, लाकडी फ्लोअरवर.

हे त्यांनी मला सांगितलं, कारण डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहायला आल्यापासून मी त्यांना पुण्याच्या कॅम्पातल्या माझ्या फॉक्सट्रॉट नाचाच्या कथा ऐकवत आलोय. मी फ्लोअरवर उतरलो की बँडवाले वाजवायचं विसरत. कर्नल लोक आपापल्या बायकांचे हात घट्ट धरून बसत. एकदा तर माझ्या गिरकीच्या वाऱ्यानं केकवरच्या मेणबत्त्या विझल्या.

"मावशी, यांचं काही ऐकू नका," बायको म्हणाली. "गणपतीच्या मिरवणुकीत अख्खी आळी नाचायची तेव्हा हे दोरी धरून उभे असायचे. गर्दी आवरायला."

"पण उभे होते ना? मग ताल कळत असेल," मावशी म्हणाल्या.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीतून चालायचं. मला मात्र ते मराठीतच आठवतं. 'मावशी' या हाकेला त्या इतक्या सरावल्या होत्या की पोस्टमननं तशी हाक मारली असती तरी त्यांनी ओ दिली असती.

नव्वदी कधीच ओलांडलेली बाई. वडील रॉटरडॅममध्ये ड्रम वाजवायचे. दोन महायुद्धांच्या मधल्या त्या वर्षांत तिकडे नाचाचे हॉल निघाले होते, आणि डच लोक त्या हॉललाच 'डान्सिंग' म्हणत. दुपारी चहाबरोबर नाच, संध्याकाळी बिअरबरोबर नाच. शाळा सुटली की छोट्या मावशी थेट तिथे जायच्या. ड्रमच्या मागे उलट्या खोक्यावर बसून गणितं सोडवायच्या. समोर दुकानातल्या पोरी, टायपिस्ट, सुट्टीवरचे खलाशी. पुरुष कमी पडले तर पोरी एकमेकींना धरून नाचायच्या, कुणाला काही वाटायचं नाही. एकदा अमेरिकेतून एक काळा सॅक्सोफोनवाला आला. तो वाजवून गेला त्या रात्री वडील घरी येऊन जेवलेच नाहीत, नुसते ताटासमोर हसत बसले. अमेरिकेत जायचं हे पोरीनं त्या ताटाकडे बघूनच ठरवलं.

पुढे युद्ध आलं, बॉम्ब पडले, शहराचा मधला भाग जळाला. त्यात तो हॉल गेला, ड्रमही गेला. वडील वाचले. पण नंतर त्यांनी कधी टेबलावर बोटंसुद्धा वाजवली नाहीत.

आणि मावशी जाझच्या देशात आल्या कुठे, तर मिशिगनमधल्या कडक डच चर्चवाल्यांच्या घरात सून म्हणून! तिथे पत्ते म्हणजे पाप, सिनेमा म्हणजे पाप, आणि नाच म्हणजे तर सरळ नरकाचं तिकीट. नवरा भला होता, नुसता घाबरट. या घराचं ओकचं फ्लोअर बघून मावशींचे डोळे चमकले, ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. महिन्याभरात भिंतीपासून भिंतीपर्यंत राखाडी कार्पेट. हा माझा अंदाज आहे, पण मी शपथेवर सांगायला तयार आहे.

"नवीन मालक कार्पेट काढणारच आहेत," मावशी म्हणाल्या. "आपण त्यांचं काम थोडं कमी करू या का?"

मी पकड घेऊन आलो. बायकोनं कमरेला ओढणी खोचली. कडेच्या खिळ्यांच्या पट्टीनं माझा अंगठा फाडला. तेव्हा जे रक्त वाहिलं त्यात एखादी गाय सहज धुऊन निघाली असती. बायकोनं त्यावर लहान मुलांची, डायनासोर छापलेली पट्टी चिकटवली. दुपार होईपर्यंत हॉलभर ओकचं लाकूड उघडं पडलं, मधाच्या रंगाचं.

मावशी वॉकर घेऊन त्यावर उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकली आणि थांबल्या.

"पाय उचलत नाहीत. ओढावे लागतात," त्या म्हणाल्या. "हे फार कोरडं आहे. आमच्याकडे पावडर टाकत, पाय घसरायला."

आता बघा, मी ब्रेकचा इंजिनिअर. डेट्रॉइटमध्ये निम्म्या गाड्या थांबतात त्या माझ्यामुळे. जन्मभर घर्षण वाढवायचा पगार खाल्ला, आणि हे पहिलंच गिऱ्हाईक जे घर्षण कमी करून मागत होतं. मी घरी धावलो आणि कॅरमची बोरिक पावडर घेऊन आलो.

"जरा बेतानं," बायको म्हणाली.

बेत हा शब्द आमच्या घराण्यात जेवणापुरताच वापरतात. मी अख्खा डबा उडवला.

आणि मग आमची खास चूक. ट्रकभर धूळ उडवून कार्पेट काढलं, तरी दुसऱ्याच्या घरात आम्ही चपला-बूट घालून वावरू? छे! ते केव्हाच दाराशी काढलेले. त्यामुळे मी गुळगुळीत सुती मोजे घालून, हात पुढे करून, मोठ्या रुबाबात मावशींकडे निघालो. निघालो तो थांबलोच नाही. फायरप्लेसला सलाम ठोकून, सोफ्याला वळसा घालून, जेवणाच्या टेबलाखाली विसावलो.

"हाच का तो कॅम्पातला फॉक्सट्रॉट?" बायकोनं विचारलं.

मावशी हसता हसता वॉकरला लटकल्या. त्यांच्या पायात जुने, चामड्याच्या तळाचे काळे बूट होते. पाऊल किंचित पुढे ओढलं, तर ते सरकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सरकलं. त्यांचं हसू थांबलं.

"पडल्या तर?" बायको मला मराठीत म्हणाली.

मावशींना कळलं. "पडले तर मुलीला सांगा, नाचताना पडली. अंघोळ करताना पडली असं सांगू नका."

बायकोनं मोजे काढून फेकले. अनवाणी पाय, धरून ठेवणारे. एक हात मावशींच्या पाठीवर, दुसऱ्यात त्यांचा हात. मी टेबलाखालूनच फोनवर त्या काळातला एक डच बँड शोधला आणि स्पीकर सुरू केला. आधी खरखर, मग क्लॅरिनेट, आणि त्याच्यामागून ड्रमवर ब्रश ओढल्याचा तो कुजबुजल्यासारखा आवाज.

मावशी निघाल्या. पाय उचलायची गरजच नव्हती. सरक, सरक, थांब, वळ. बायकोला काही येत नव्हतं, पण नेत होत्या मावशीच. पुरुषाची बाजू त्यांनी घेतली होती. वॉकर खिडकीशी एकटा उभा होता. अर्ध्या गाण्यात बायकोचे खांदे सैल झाले, आणि मग मला दोन म्हाताऱ्या दिसेनात. दुकान बंद करून आलेल्या दोन पोरी दिसल्या. यात अतिशयोक्ती नाही.

गाणं संपलं. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. पडदे उघडे होते.

"बाहेरून कुणी पाहिलं असेल?" त्यांनी विचारलं.

"अख्ख्या ट्रॉयनं," मी म्हणालो. "पाद्र्यानं गाडी थांबवून पाहिलं."

"बरं झालं. पुन्हा लावा."

लावलं. त्यांनी खुर्चीचे हात धरले, जोर केला. शरीर उठलं नाही. पुन्हा जोर केला. बायको उठवायला खाली वाकली तसं त्यांनी नको म्हणून मान हलवली. क्लॅरिनेट वाजत राहिलं.

"तुम्ही दोघं जा," त्या म्हणाल्या. "मोजे काढून."

मी मोजे काढले. बायकोनं माझा हात धरला, मुलाला रस्ता ओलांडून नेताना धरतात तसा.

"डावा," मावशी म्हणाल्या. "डावा. अहो, तुमचा डावा! पाठ सरळ. बायको आहे ती, ब्रेक नाही."

आम्ही सरकत होतो, अडखळत होतो. वळताना मी त्यांच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होत्या, आणि तोंडानं 'डावा, डावा' चालूच होतं.

गाणं संपलं. त्यांनी नजर हलवली नाही.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या. "पण जरा मोठ्यानं. मागचा ड्रम मला नीट ऐकू येत नाहीये."