शटर बंद असताना दिसलेल्या पेशी

भूत, करणी, बाहेरची बाधा — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कात्रपला आमच्या घरी आई दाराला लिंबू-मिरची बांधते, तेव्हा सगळ्यात जास्त कटकट माझीच असते. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जातच नाही.

मी पोस्टडॉक. म्हणजे पीएच.डी. झाली, पण पक्की नोकरी नाही. कॉन्ट्रॅक्ट वाढेल का म्हणून दर वर्षी लॅब चालवणाऱ्या सरांच्या तोंडाकडे बघत बसायचं. अंबरनाथ पूर्वेला एका खासगी रिसर्च सेंटरमध्ये मायक्रोस्कोपवर जिवंत पेशींची फिल्म घ्यायचो. गेल्या वर्षी सरांनी स्पष्टच सांगितलं, "ही फिल्म झाली तर एक्स्टेन्शन. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

रोज सुरुवात डार्क फ्रेमने. कॅमेऱ्याचं शटर बंद ठेवून एक फोटो घ्यायचा. तो काळाकुट्टच यायला हवा. त्यावरून कॅमेऱ्याची स्वतःची खरखर, म्हणजे फोटोत येणारे नको ते ठिपके, कळते, ती मग खऱ्या फोटोतून वजा करायची.

एका सकाळी त्या काळ्या फोटोत पेशी दिसल्या. म्हटलं, कालचं काहीतरी उरलं असेल, कॅमेरे करतात असं. कालचे सगळे फोटो लावून बघितले... एकही जुळेना. दुपारी इन्क्युबेटरच्या उबेतून पेशींची नवीन डिश काढली, फोकस केला. सकाळचीच रचना. कोपऱ्यात एका पेशीच्या दोन होत होत्या, त्याही तशाच.

लॅबमेट भावना शेजारीच होती, उल्हासनगरची सिंधी. तिला दोन्ही फोटो दाखवले.

"अरे निलेश, फाइल इकडची तिकडे झाली असेल. नीट बघ ना." मग तिनेच फाइलवरची वेळ तपासली, काळा फोटो खरंच सकाळचा होता. "यार, सरांना नको सांगू. पागल समझेंगे."

पुढच्या आठवड्यात फिल्मचा दिवस आला. डार्क फ्रेम घेतली. पेशी गोल होऊन डिशच्या तळापासून सुटलेल्या... मेलेल्या. एकूण एक.

धावत जाऊन डिश बघितली, तर पेशी मस्त होत्या. पण जीव थाऱ्यावर राहीना. इन्क्युबेटरचं दार उघडायचो, डिश काढून बघायचो, परत ठेवायचो.

भावना वैतागली, "बस कर ना, गारठून मरतील त्या."

मला काय माहीत नव्हतं? नव्या पोरांना मीच दटावायचो, दार सारखं उघडू नका म्हणून. पण हात थांबेना. दुपारी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली... सकाळचाच फोटो.

एक्स्टेन्शन गेलं. सर चिडलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.

दार उघडल्यामुळे मेल्या म्हणावं, तर दार उघडलं ते फोटो बघून. मग तो फोटो आला कुठून? आणि तेवढ्याने सगळ्याच्या सगळ्या मरतात का, हेही कुणी ठामपणे सांगत नाही.

आता दुसऱ्या एका लॅबमधून बोलावणं आलंय, मायक्रोस्कोपसाठीच. आई म्हणते, जा, घरी बसून काय करणार? मी अजून हो म्हटलेलं नाही. हे एकच काम मला येतं, आणि तेच करायला आता हात धजत नाही.