अजून एक लागतो

जाळीपाशी जाऊन मी हात पुढे केला. दुसरा हात वर. हातातली रॅकेट त्याआधीच आनंदाने मागे भिरकावून दिली होती, कारण तिची दोरी मनगटात अडकवायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागून बायको "आई गं!" म्हणाली. तेही मला आनंदाचंच वाटलं.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, पलीकडून सावकाश चालत आले. माझा हात दोन्ही हातांत घेतला, नीट हलवला आणि म्हणाले, "अभिनंदन, साडूभाऊ. फक्त अजून एक लागतो."

काशीदच्या अलीकडे एका रिसॉर्टने पॅडलचं कोर्ट बांधलं, तेव्हाची ही गोष्ट. चारी बाजूंनी काच आणि जाळी, आत दोघं विरुद्ध दोघं. आमच्या मुरुडात त्याला काचेचा पिंजरा म्हणतात. साडू पनवेलचे, तिकडे आठवड्यातून तीनदा खेळतात. सुट्टीत माझ्या नारळाच्या वाडीतल्या चार खोल्यांपैकी सर्वांत हवेशीर खोलीत ते उतरतात आणि मला काहीतरी शिकवून जातात. त्या वर्षी त्यांनी पॅडल शिकवलं. पहिला पॉइंट पंधरा, दुसरा तीस, तिसरा चाळीस, चौथ्याला गेम. सहा गेम जिंकले की सेट, पण दोन गेमची आघाडी हवी. चाळीस-चाळीस झालं की काय होतं, एवढं मात्र सांगायचं राहिलं. राहिलं, की ठेवलं?

आम्ही पाच-चार पुढे होतो. चाळीस-चाळीस झालं, पुढचा पॉइंट आम्ही घेतला, आणि मी नाचत जाळीकडे गेलो. तो नुसता अ‍ॅडव्हान्टेज होता. लागोपाठ दोन घ्यावे लागतात. मग आम्ही तो गेम हरलो, पुढचे दोन्ही हरलो, सात-पाचने सेट गेला. बायको तर शेवटी धावेनाच. मी तिला म्हटलं, "अगं, मनाला काय लावून घेतेस?"

हरण्याचं काही नाही हो. पण साडूंनी त्या एका वाक्यावर वर्ष काढलं. एका बारशाला मी दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं, तर ते वाढप्याला म्हणाले, "द्या, यांना अजून एक लागतो." गणपतीत आरतीनंतर मी प्रसादाला हात पुढे केला, तर तो हातच धरून हलवला. सासुरवाडीची सगळी पंगत हसली. सासूबाईसुद्धा हसल्या, ज्या माझ्या लग्नातही हसल्या नव्हत्या.

मी ठरवलं, हे पिंजऱ्यातच फेडायचं.

दर मंगळवारी सकाळी बायकोला घेऊन मी काशीदला जाऊ लागलो. तिने नवे बूट घेतले, तेही एक नंबर मोठे. "पाय वाढतायत का या वयात?" असं मी विचारलं. ती नाड्या बांधून कोर्टात गेली. खेळायची मात्र माझ्यापेक्षा चांगली.

कोर्टाची व्यवस्था एक निवृत्त एसटी कंडक्टर बघत. मी त्यांना विचारलं, "पंधरा, तीस आणि मग चाळीस? पंचेचाळीस का नाही?"

"ते इचारायचं न्हाय," ते म्हणाले. "आम्ही भाड्याचे टप्पे का असे, ते कधी इचारलं व्हतं काय?"

त्यांची खरी अडचण वेगळी होती. कोर्ट तासावर देतात आणि चाळीस-चाळीसचं गुऱ्हाळ चालू राहिलं की बाहेरचे खोळंबतात. म्हणून त्यांनी गोल्डन पॉइंट लागू केला: चाळीस-चाळीस झालं की एकच पॉइंट, जो घेईल त्याचा गेम. सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची, ते घेणाऱ्या जोडीने ठरवायचं. हे नियम मराठीत लिहून द्यायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मी लिहून दिले. माझ्या हस्ताक्षरातला बोर्ड दाराशी लागला. शेवटची ओळ गोल्डन पॉइंटची.

पुढच्या सुट्टीत साडू आले. आत जाताना मला घाम पुसायचा टॉवेल अडकवायला नेमका बोर्डाचाच खिळा मिळाला. टॉवेल जरा लांब होता. शेवटची ओळ झाकली गेली. कंडक्टरांनी टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तरी कर्तव्य म्हणून साडूंना विचारलं, "नियम वाचले ना?"

"आम्हाला शिकवता?" साडू म्हणाले. तिथेच मी मनात पेढे वाटले.

पुन्हा आम्ही पाच-चार पुढे. सर्व्हिस साडूंची. चाळीस-चाळीस. बाजू निवडायचा हक्क आमचा होता, पण तोंड उघडलं असतं तर गुपित फुटलं असतं. म्हणून मी मुकाट्याने डावीकडेच थांबलो आणि उजवीकडून बायकोने सर्व्हिस घेतली. तिने चेंडू उंच उडवला. अजून एक पॉइंट शिल्लक आहे अशा समजुतीत साडूंनी ऐटीत जोरदार फटका हाणला. चेंडू आधी आमच्या जमिनीवर पडून मग काचेला लागला तर चालतो. हा थेट काचेवर आदळला.

"अ‍ॅडव्हान्टेज तुमचा," साडू म्हणाले. "चला, बॉल द्या."

मी जाळीपाशी गेलो आणि हात पुढे केला.

"परत?" ते खो-खो हसले. "अहो साडूभाऊ, वर्षभर सांगतोय, अजून एक..."

"आज नाही लागत," मी म्हटलं, आणि दाराशी जाऊन टॉवेल काढला.

"सहा-चार," कंडक्टर ओरडले. "भायेर या, पुढचे थांबलेत."

सर्वांत आधी हसली ती त्यांच्याच बाजूने खेळणारी साडूंची बायको. अशी हसली, की साडूंचे कान लाल झाले. दुपारी जेवताना मी सुरमईची तुकडी पुढे केली आणि गोड आवाजात विचारलं, "अजून एक लागतो?" ते नको म्हणाले. माझ्या हातची सुरमई त्यांनी पहिल्यांदाच नाकारली. मला इतकं बरं वाटलं, की ती मीच खाल्ली.

संध्याकाळी ओटीवर बायकोला मी सगळं चौथ्यांदा सांगत होतो. तिने बूट काढला, मग मोजा. उजव्या अंगठ्याचं नख अर्धंच होतं, काळं, वेडंवाकडं वाढलेलं.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"तुम्ही नाचत जाळीकडे गेलात, तेव्हा रॅकेट कुठे पडली, आठवतं?"

मी तिच्या एक नंबर मोठ्या बुटाकडे बघितलं.

"त्यांचं हसणं वर्षभर मोजलंत. हे एकदा तरी विचारलंत?" तिने पाय पुढे केला. "जा, गरम पाणी आणा. आणि टॉवेल आणा, तोच. आणि हे बघा, माझ्याकडे एका पॉइंटवर मिटत नाही."