सकाळचे ‘नाही’

भाऊ अकोल्याच्या घरातून बार्शीटाकळीला जायला निघाला. तो तिथे पोचला नाही आणि परतही आला नाही.

पहिले काही महिने मी अमरावतीत बसून रोज पोलिसांची संकेतस्थळे उघडत असे, बेवारस मृतदेहांच्या नोंदी पाहत असे. प्रत्येक नोंदीला एक चेहरा असतो. ते चेहरे मला वर्गात शिकवतानाही दिसू लागले, तेव्हा आमच्या कॉलेजातल्या संगणक विभागाच्या मॅडमनी सोय करून दिली. संकेतस्थळांवरचा मजकूर गोळा करणारे एक साधन त्यांनी एआय सहायकाला जोडले. भावाचे वय, उंची, खांद्यावरचा भाजल्याचा डाग हे मी त्याला एकदाच लिहून दिले. नोंदी तो वाचणार, जुळेल तेवढेच मला सांगणार. फोटो मी पाहायचे नाहीत.

पण एका संकेतस्थळाच्या दाराशी तो थांबतो. तिथे ‘मी रोबोट नाही’ अशी चौकट येते. ही खूण माणसानेच करायची असते, ती मी करणार नाही, असे त्याने पहिल्याच दिवशी लिहिले. म्हणून रोज सकाळी ती मी करते. लेकीकडे मुक्कामाला गेले तरी चहाआधी लॅपटॉप उघडते. मग अकोल्याला वहिनीला फोन, आणि ‘नाही’ एवढा एक शब्द.

आठवड्यातून एकदाच पाहू या का, असे मी तिला एकदा सुचवले.

“आठ दिवसाचं ‘नाई’ एकदम कसं पचवू, ताई? रोज थोडं थोडं द्या.”

गेल्या महिन्यात सहायकाने एक नोंद पुढे ठेवली. वय, उंची, खांद्यावरचा डाग जुळत होते. खात्री फोटोवरूनच होईल, असेही त्याने लिहिले होते. वहिनीला फोनवर थांबायला सांगून मी फोटो उघडला. शर्टाची वरची गुंडी लावलेली होती. भाऊ ती कधी लावत नसे. खरे तर गुंडीपर्यंत जायची गरजच नव्हती, चेहराच वेगळा होता.

मी ‘नाही’ म्हटले. एरवी ती ‘बरं’ म्हणून फोन ठेवते. त्या दिवशी तिने ठेवला नाही.

“मले वाटलं, आज सुटलो आपुन,” ती म्हणाली.

मलाही तेच वाटले होते. हे सगळे बंद करू का, मी विचारले. ती नको म्हणाली.

खूण अजून मीच करते. मृतांच्या कुठल्याच नोंदीत भाऊ नाही.