पाळण्याला हात लावू नका

ती घटना आठवली की आजही माझं डोकं उठतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी महाडला फौजदार होतो. सावित्री नदीच्या पुराचं पाणी नुकतंच बाजारातून उतरलं होतं आणि ठाण्यातला चिखल आम्ही पोलीसच घमेल्यांनी बाहेर टाकत होतो. कागद दोरीवर वाळत घातलेले, चहा करायला कोरडी काडेपेटी मिळेना. अशात एक बाई दारात येऊन उभी राहिली.

"माझं शिलाई मशीन चोरीला गेलंय. चोराचं नावही सांगते."

बाई विधवा, शिवणकामावर घर चालवणारी. मशीन गेलं म्हणजे तिची चूलच विझली, हे मलाही कळत होतं. पण तिनं नाव घेतलं ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बौद्ध कुटुंबातल्या तरुणाचं. त्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागत होती आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याचा अर्ज माझ्याकडेच आलेला होता. गुन्हा नोंदवला की दाखला अडकणार आणि नोकरी जाणार. गल्लीत एवढी माणसं, पण संशय घ्यायला यांना नेमका हाच सापडला!

हकीकत अशी होती. पाणी चढू लागलं तशी सगळी गल्ली एका दुकानदाराच्या माळ्यावर गोळा झाली. सामान हातोहात वर जात होतं आणि हा तरुण शिडीच्या खालच्या पायरीवर, छातीभर पाण्यात उभा होता. बाईनं स्टँडवरून मशीन सुटं करून त्याच्या हातात दिलं. पाणी उतरल्यावर पाहते तर मशीन नाही.

मी त्याला बोलावून घेतलं. "कोणाला दिलंस?"

"वरून हात आला, त्या हातात दिलं, साहेब."

"अरे, हाताला काही नाव?"

"माळ्यावर अंधार होता. बांगड्या होत्या हातात."

बांगड्या! माळ्यावर निम्म्या बायकाच होत्या. मी कपाळाला हात लावला.

मग जबाब सुरू झाले. देवा रे! दुकानदाराला विचारलं, मशीन पाहिलंत का? तो म्हणाला, "साहेब, पाणी पहिल्या पायरीला लागलं तेव्हा मी तेलाचे डबे उचलत होतो..." शेजारचे शिक्षक मध्येच म्हणाले, "पायरीला नव्हे, उंबऱ्याला." त्यावर दोघांची जुंपली.

"अहो, पाणी गेलं खड्ड्यात! मशीन कुठंय?" मी ओरडलो.

"खड्ड्यात गेलं असतं तर आम्ही माळ्यावर कशाला चढलो असतो?" शिक्षक शांतपणे म्हणाले.

माळ्याची झडती घेतली. तुळईला एक लाकडी पाळणा टांगलेला होता. हवालदारानं त्याच्याकडे हात नेताच दुकानदाराची आई कडाडली, "रिकामा पाळणा हलवू नका! बाळाच्या पोटात दुखतं. सून बाळाला घेऊन माहेरी गेलीय." हवालदाराच्या घरीही तान्हं मूल होतं. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सून पुराआधीच गेली असणार असं मी धरून चाललो आणि आम्ही खाली उतरलो.

मग खबर आली की पाणी उतरल्यावर तो तरुण भलंमोठं पोतं घेऊन पोलादपूरकडे, कापडे गावी गेला होता. गल्लीत लगेच कुजबुज, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मी जीप काढली. कापड्याला त्याची आत्या राहत होती. पडवीपासून आंब्यापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपडेच कपडे.

"पोत्यात काय होतं?" मी दरडावलं.

"ह्येच की!" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सगल्या गल्लीची धुनी हायत. महाडात धुवायला चांगलं पानी नाय, म्हणून भावजयीनं धाडली. ही गोधडी त्या शिवणवालीची. न्या जप्त करून!"

गोधडी शिवणाच्या रंगीबेरंगी चिंध्यांची होती. ज्याला बाई चोर म्हणत होती, त्यानं तिचंच अंथरूण पाठीवर वाहून आणलं होतं. मला इतका संताप आला की कोणावर काढावा कळेना. तेवढ्यात दोरीवर बाळाची दुपटी दिसली.

"ही कोणाची?"

"दुकानदाराच्या नातवाची. सून पानी उतरल्यावरच गेली ना पोलादपूरला, आयशीकडं."

म्हणजे ती माळ्यावर होती! एवढ्या जबाबांत एकानंही तिचं नाव घेतलं नव्हतं. तडक पोलादपूर गाठलं.

"अगोबाई, मशीन अजून काढलं नाही?" सून म्हणाली. "पाणी माळ्याच्या फळ्यांना लागलं, तसं मी बाळाला मांडीवर घेतलं आणि मशीन पाळण्यात ठेवलं. वर दुपटं घातलं. नंतर बाळाला ताप भरला, बाबा न्यायला आले, त्या गडबडीत राहून गेलं."

पंचांसमोर पाळणा खाली घेतला. आजी तेव्हाही कुरकुरली. "रिकामा कुठाय, आजी? मशीन झोपलंय त्यात," मी म्हणालो. बाई मशीनला मिठी मारून रडली. तरुण दारात उभा होता, त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही. त्याची आई तेवढी म्हणाली, "बाई, तुमची गोधडी वाळली की पोरगा आणून देईल." बाईनं पदरात तोंड लपवलं. दाखल्यावर मी त्याच दिवशी सही केली.

नोकरीत पुढे मोठमोठे गुन्हे पाहिले, पण या प्रकरणानं शिकवलं ते विसरलो नाही. पाणी चढत होतं तेव्हा हीच माणसं माळ्यावर एका हंड्यातलं पाणी प्याली होती. बाळाचं पोट दुखेल म्हणून रिकाम्या पाळण्याला बोट लावायला घाबरणारी ही माणसं शेजारच्या पोरावर बोट ठेवताना क्षणभरही थांबली नाहीत. तेव्हापासून फिर्यादीत नाव आयतं मिळालं की मी आधी नाव देणाऱ्याच्या घरी जाऊन बसायचो.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी शिरलं. मी गल्लीत पोचलो तर शिडीवर तोच तरुण, अंगात कारखान्याचा सदरा. बाईनं मशीन त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोक्यावर धरलं आणि वर पाहून ओरडला, "कोण घेतंय? नाव सांगा!" पाणी त्याच्या छातीला लागलं होतं, पण वरून नाव ऐकू येईपर्यंत त्यानं मशीन हातचं सोडलं नाही.