पोट दुखत असेल तर जुलाब नाही

आमच्या गावात मे महिन्याच्या अखेरीला पोरांची पोटं धुतात. शब्द माझा नाही, गावाचाच आहे. आंबे, फणस, काजू खाऊन महिनाभर भरलेलं पोट शाळा सुरू व्हायच्या आत साफ झालं पाहिजे, असा नियम. ठरल्या सकाळी सुंठीचा काढा उकळतो, त्यात एरंडेल पडतं, पोरांना ओळीनं बसवून नाक दाबून पाजतात आणि मग दिवसभर परसाकडची वाट वाहती राहते. रडेल त्याला धपाटा. मोठी माणसं हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी शिबिरात शिकून वाडीवाडीत आरोग्याची पत्रकं वाटत हिंडायचे. बांबूला चित्र टांगायचं आणि बोलायचं. बद्धकोष्ठाचा विषय निघाला की बायका पदरात तोंड घालून हसायच्या, मग मी आवाज चढवायचे. रोज शौचाला झालीच पाहिजे असा कुठला कायदा नाही! एखादा दिवस चुकला म्हणून जुलाब घेऊ नका. आधी पाणी वाढवा, पालेभाजी खा, चाला. तरी अडलंच तर औषध घ्या, पण सांगितलं तेवढंच, आणि थोडेच दिवस. पोटात दुखत असेल, उलटी होत असेल, ताप असेल, तर मात्र जुलाबाला हात लावू नका. हे शेवटचं मी सर्वांत मोठ्यानं म्हणायचे. पाठ होतं ते. पाठ असणं आणि घरात त्याच्याशी गाठ पडणं, यात फार अंतर आहे.

त्या दुपारी पत्रकं वाटून परतले तर शेजारच्या काकीच्या घरातून सुंठीचा वास येत होता. पोटं धुवायचा दिवस अजून लांब होता. काका मुंबईत नोकरीला, घरात काकी आणि तिची दहावीत जाणारी मुलगी, माझी चुलत बहीण.

"आज कुणाला गो पाजतेस?" मी दारातूनच विचारलं.

"हिलाच. कालपास्नं पोट धरून पडलीय. फणस बाधला, दुसरं काय? परसाकडेला पण गेली न्हाय. धुतलं की होईल मोकळी."

बहीण गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. एरवी माझी पत्रकं वाचून दाखवत माझी नक्कल करणारी ही पोर, माझ्याकडे नुसती बघत राहिली. कुठं दुखतं, विचारलं. आधी बेंबीपाशी होतं म्हणाली, मग हात हळूहळू उजव्या बाजूला खाली नेला. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. अंग तापलं होतं. मी तिथं बोटं हलकेच टेकवली, दाबली आणि सोडली. सोडल्याबरोबर ती किंचाळली.

मी चुलीकडे वळून बघितलं.

"काकी, दिलंस काय तिला?"

"निववत ठेवलंय."

मी वाटी उचलली. काकीनं माझं मनगट धरलं.

"चार कागद वाटलेस म्हणून डाक्टरीण झालीस काय गो? तुझ्या बापाला हेच पाजून वाढवला म्हातारीनं."

"वाढवला असेल. त्याचं पोट असं दुखत नव्हतं."

"मग घाण आतच ठेवायची?"

"घाणीचं नाही हे. आतड्याची शेपटी, अपेंडिक्स म्हणतात ती, सुजलीय असं वाटतंय मला. एरंडेलानं आतडं जोरानं पिळवटतं. सुजलेलं फुटलं तर पू पोटभर पसरेल. मरेल ती!"

हे मी बहिणीसमोरच बोलले. मला असंच बोलायला शिकवलं होतं, आडपडदा न ठेवता.

"मी मरणार काय गो?" बहिणीनं विचारलं.

काकीची बोटं माझ्या मनगटावरून सुटली. मी बाहेर जाऊन वाटी माडाच्या बुंध्यात ओतली. मी चुकले असेन तर गाव जन्मभर हसेल, हे कळत होतं. हसू दे. पण बरोबर असेन तर? मी माणसं बोलवायला धावले.

शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून खाडीपर्यंत आणलं. पलीकडे पूर्णगड, तिथून एस.टी.नं रत्नागिरी. होडी चिखलात कलंडली होती. होडीवाला म्हणाला, "सुकती हाय बाय. पाणी भरल्याबिगर हलायची न्हाय ती."

आम्ही काठावर बसलो. ऊन चिखलावर चकाकत होतं. बहीण कण्हत होती, मधेच पाणी मागत होती. मी ओठ ओले करण्यापुरतंच देत होते. ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं हवं, एवढं माहीत होतं. काकी तिचे पाय चोळत होती.

आणि एकाएकी कण्हणं थांबलं.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

काकीचा चेहरा उजळला. "बघ! सुटलं गो बाय! वारा धरला होता नुसता. चला परत, उगाच उन्हात पोर करपतेय."

खुर्ची उचलणारे दोघे उठलेसुद्धा. मी मात्र उठले नाही. शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं: असलं दुखणं एकदम थांबलं तर खूश होऊ नका, आत फुटलेलं असू शकतं. दुखत होतं तोवर मी भीत होते. दुखायचं थांबल्यावर त्या भीतीला तळच उरला नाही. तिच्या हाताची नाडी बघितली. भरभर उडत होती.

"परत जायचं नाही," मी म्हटलं.

"अगो, पण तीच सांगतेय..."

"सांगू दे. काकी, मी तुझ्या पाया पडते. परत नाही जायचं."

एरवी मी कुणाच्या पाया पडत नाही, गावाला माहीत आहे. त्यामुळेच काकी घाबरली असावी. ती पुन्हा खाली बसली. पाणी चढलं तशी होडी सुटली.

रत्नागिरीत त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. फुटायच्या अगदी बेतात होतं, सर्जन म्हणाले. जुलाब दिला होता का, हा त्यांचा पहिला प्रश्न. काकी माझ्याकडे बघत म्हणाली, "न्हाय दिला." मग भिंतीला टेकून खालीच बसली.

इथवर ऐकून लोकांना वाटतं, जिंकली ही. छे. खरी पंचाईत घरी आल्यावर झाली.

टाके दुखतील म्हणून बहीण कुंथायला घाबरायची, दिवसभर पडून राहायची, पाणीही कमी प्यायची. शौचाला होईना. डॉक्टरांनी घरी सोडताना याच्यासाठीच औषध दिलं होतं: दुधासारखं पांढरं, बाटलीबरोबर मापाचं झाकण. अडलं तर संध्याकाळी एक माप, वर पेलाभर पाणी. काकी बाटली बघून किंचाळलीच.

"जुलाब? माझ्या पोरीला? तूच म्हणालीस ना मरेल म्हणून!"

मीच पेरलेली भीती होती ती. आणि खरं सांगायचं तर मलाही ती वाटत होती. मी बाटलीवरची सूचना वाचली, पुन्हा वाचली. मग बहिणीजवळ बसले.

"उलटी?"

"न्हाय."

"टाक्यांशिवाय कुठं दुखतंय?"

"न्हाय गो. वारा पण सरतो, सांगू काय गावभर?"

अंग थंड होतं. पोट मऊ होतं. मी काकीचा हात धरून टाक्यांपासून लांब, हलकेच तिच्या पोटावर ठेवला. "बघ, त्या दिवशी हात लावू देत नव्हती. तेव्हा आत आजार होता, हे नुसतं अडलंय. हे डॉक्टरांनी तिला बघून दिलंय, तिच्या वयाचं, तिच्या मापाचं. जास्त नाही द्यायचं, लवकर व्हावं म्हणून दुसरं नाही द्यायचं."

काकीनं हळूच पोट चाचपून बघितलं. मग म्हणाली, "तूच दे. माझा हात न्हाय धजत."

माझा तरी कुठं धजत होता? माप भरताना दोन थेंब चादरीवर सांडले. बहिणीनं तोंड वाकडं केलं, "खडू खाल्ल्यासारखं लागतंय," म्हणाली आणि वर सगळं पाणी प्यायली.

सकाळी ती भिंतीला धरून परसातल्या संडासात गेली. आम्ही दोघी माडाच्या झापाच्या आडोशाबाहेर उभ्या. आतून आवाज नाही. काकी देवाचं नाव घेत होती, मी ओठ चावत होते.

"दोघी जा गो तिकडं!" आतून ओरड आली. "वरात आणलीय काय माझी?"

ती बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा झालेला होता. काकीनं तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, मग मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आज परत द्यायचं?"

"नाही. झालं, आता थांबायचं. पाणी आणि भाजी चालू ठेव."

"आणि पोटात दुखायला लागलं तर?"

"तर बाटलीला हात लावायचा नाही. एरंडेलालाही नाही. सरळ डॉक्टर."

तिनं हे दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग बाटलीचं बूच घट्ट पिळलं आणि पाटावर चढून ती फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, भिंतीला चिकटवून ठेवली.