लिबोरिओकाकांचं तेल

लिबोरिओकाका दुकानात शिरले की आधी वास येतो. शिळ्या ऑलिव्ह तेलाचा. मग त्यांची गिटार दिसते, आणि तिच्यामागे ते.

ग्रानादात माझं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. काकांनी जन्मभर गवंडीकाम केलं आणि दर शनिवारी आमच्या गाण्याच्या मंडळात गाणाऱ्यांना साथ केली. माणूस लाखात एक, पण हट्टी. गिटारच्या मानेवरच्या काळ्या पट्टीला, जिथे बोटं फिरतात तिथे, ते गावाकडचं तेल चोळतात. भावाच्या मळ्यातलं, पहिल्या घाण्याचं. त्यांच्या घरी पावावर तेच, दुखऱ्या कानात तेच, कुरकुरणाऱ्या बिजागरीतही तेच. पट्टीचं आबनुसाचं लाकूड म्हणजे तेल ओतून खायचा टोमॅटो नव्हे, हे सांगून माझी जीभ झिजली. ते तेल खवट होतं, त्यात घाम आणि धूळ बसून चिकटा धरतो, बोट पुढे सरकत नाही. काका मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा बाटली उघडतात. पालथ्या घड्यावर पाणी.

या खेपेला मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. मंडळाचे अध्यक्ष सेफेरिनो मला बजावून गेले होते. काकांचा हात मागे पडतो, गाणारे ताटकळतात. दोष गिटारचा असेल तर थांबू, हातांचा असेल तर साथीला दुसरा माणूस.

मी इरेलाच पेटले. तारा उतरवल्या, पट्टीवरच्या धातूच्या पडद्यांच्या कडेचा राप लाकडी काडीने खरवडला, तारेच्या बारीक काथ्याने लाकडाच्या रेषेरेषेने घासलं, जवसाच्या तेलाचे दोन थेंब फिरवून लगेच कोरडं पुसलं. नव्या तारा चढवल्या. पट्टी अशी झाली की माशी बसली तर घसरावी.

काकांना वाजवायला सांगितलं. हात अडखळला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी अडखळला.

"काका, आता तर पट्टीवर काही राहिलेलं नाही," मी वैतागून म्हटलं.

"म्हणून तर तेल लावतो गं पोरी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पट्टी चिकट असली की लोक पट्टीला नावं ठेवतात. तू अशी लख्ख करून दिलीस, आता मी काय सांगू?"

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं या म्हाताऱ्याने मला फुकट घासायला लावलं. गिटार ठेवून ते निघून गेले.

संध्याकाळी सेफेरिनो आले. काय निघालं म्हणाले, गिटार की हात?

"गिटार," मी म्हटलं. "पट्टी अजून चिकटते. माझंच काम कच्चं राहिलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुझं काम, आंगुस्तियास?"

"चुकतं माणसाचं," मी म्हटलं, आणि त्यांना दार उघडून दिलं.