गोजराबाईने चोळलेला पाय

गोजराबाईला मी तोंडावर अहोजाहो करते. इथे करणार नाही. या बाईने माझं अख्खं वर्ष नासवलं आणि कितीतरी लेकरं लशीवाचून ठेवली. तिच्याविषयी लिहिताना गोडवा आणू कुठून?

मी गौतमी. भूगावच्या पुढच्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची सिस्टर. दर बुधवारी बाळांना लस टोचते. गोजराबाई बाळांना तेल लावून न्हाऊ घालते. म्हणजे घरं आमची दोघींची एकच. फरक एवढाच की मी गेले की बाळ रडतं आणि ती गेली की झोपतं.

ती सत्तरीची असेल. नऊवारी, पायात नातवाचे जुने बूट. बाळ-बाळंतिणीचं काम सासूकडून शिकली. आधी गावातल्या बाळंतिणी होत्या, शेतं बिल्डरांकडे गेल्यावर टॉवरमधल्या आल्या. सहाला पहिलं घर, अकरापर्यंत पाच घरं. गेटवरचा वॉचमन पार्सलवाल्यांना दहा प्रश्न विचारतो, हिला मात्र ‘नमस्ते मौसी’ म्हणून सोडतो. हात चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतं. किरकिरणारं मूल तिच्या लांब पसरलेल्या पायांवर पडलं की पाच मिनिटांत मुठी सोडतं. मी ते पाहिलंय आणि प्रत्येक वेळी माझा जळफळाट झालाय.

तीन वर्षांपूर्वी एका घरातून तिला जुना मोबाइल मिळाला. तिला अक्षरओळख नाही, पण व्हिडिओ बघायला ती लागते कुठे? मुलाला दुपट्यात गुंडाळलं, बाळंतीण केस सोडून शेगडीजवळ शेक घेत बसली, की ही मोबाइल काढायची. "हे बगा ताई, काय सांगत्यात." पडद्यावर पांढरा कोट घातलेला कुणीतरी सांगायचा, लशीने मुलं मंद होतात, मुलींना पुढे मूल होत नाही. धडधडीत खोटं. पण समोर कोण? रात्रभर जागलेली, रडवेली पोरगी, आणि सांगणारी तिच्या बाळाला रोज हातावर घेणारी. असा निवांत तास आम्हाला कुणाला मिळतो? मी दाराशी उभी राहून दोन मिनिटं बोलते, तेवढ्यात आतला कुकर शिट्टी करतो.

तरीही बुधवारी पंचवीस-तीस बाळं यायची. मग तृप्तीच्या मुलाचा पाय सुजला.

तृप्ती टॉवरमधली, नवरा अतुल हिंजवडीत नोकरीला. बाळ दीड महिन्याचं. मी मांडीत इंजेक्शन दिलं आणि प्रत्येकीला सांगते तेच सांगितलं. ताप येईल, औषध द्या, टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. दोन आठवड्यांनी कळलं की मांडी टरारून सुजली, पू झाला, डॉक्टरांना चिरा द्यावा लागला. मी धावत तिच्या घरी गेले. तृप्ती काही वाईट बोलली नाही. उलट भाबडेपणाने म्हणाली, "मावशींनी दोन दिवस गरम तेलाने किती चोळलं, ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं, तरी सूज वाढतच गेली हो."

मी तिथेच सोफ्यावर बसले. गोजराबाई बाजूलाच उभी होती. माझी नजर टाळून तिने तेलाची वाटी उचलली आणि आत निघून गेली. त्या क्षणी मला समजलं की हिलाही समजलंय.

पण तोवर इंद्रजितचा व्हिडिओ सुटला होता. इंद्रजित प्लॉटिंगवाल्याचा मुलगा, गावच्या बातम्यांचं चॅनल चालवतो. गोजराबाई बाळाचा पाय कॅमेऱ्यापुढे धरून सांगतेय, "चाळीस वर्सं पोरं चोळतीया, असं कधी बगितलं न्हाई. सुईनं झालंय ह्ये." वर लाल अक्षरात ‘सरकारी लसीने बाळाचा पाय गेला’. पाय कुठे गेला होता? तीन आठवड्यांत पोरगं सायकल मारल्यासारखे दोन्ही पाय झाडत होतं. ते शूट करायला कुणी आलं नाही.

व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. शेजारची नांदे-महाळुंगे ही गावं, सोसायट्यांचे ग्रुप, आयांचे ग्रुप, सगळीकडे फिरला. कुणीतरी खाली माझा नंबर टाकला. आठवडाभर मी फोनवर शिव्या ऐकल्या. नोकरीवरच्या, आईबापावरच्या, जातीवरच्याही. वरून चौकशी आली, मी खुलासा लिहून दिला, प्रकरण मिटलं. कागदावर मिटलं. बुधवारी मात्र सहा-सात बाळं यायला लागली.

मला गोजराबाईकडून एकच वाक्य हवं होतं, ‘पाय मी चोळला होता.’ लोक डॉक्टरचं ऐकणार नव्हते, माझं तर नाहीच. तिचं ऐकलं असतं. म्हणून मी तिच्या घरी गेले. ती ओसरीवर लसूण सोलत होती.

"मी म्हनलं, तर मला कोन घरात घील?" ती म्हणाली.

"आणि बाळं आजारी पडली तर?"

"आमच्या टायमाला कुटं व्हत्या सुया? आमी मेलो का?"

तिची दोन भावंडं लहानपणीच गेली होती. हे तिनेच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. मी आठवण करून दिली, तर लसणाचं ताट उचलून आत गेली. निर्लज्ज बाई.

त्याच सुमारास तिची नात रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. मी तीनदा बोलवायला गेले, तिन्ही वेळा गोजराबाईने दारातूनच परत पाठवलं. "आमचं आमी बगू." पोर सव्वादोन महिन्यांचं असताना खोकू लागलं. आधी गोजराबाईने वेखंड उगाळलं, छातीला तेल लावलं. मग खोकताना पोराचे ओठ निळे पडायला लागले. डांग्या खोकला. याचीच लस मी सहाव्या आठवड्याला देते. पोर एकोणीस दिवस दवाखान्यात होतं, त्यातले पाच दिवस काचेमागे. बातमी ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. ‘बरं झालं’ असं वाटलं. मग त्या पोराचे निळे ओठ डोळ्यांपुढे आले आणि माझीच मला किळस आली.

पोर वाचलं.

पुढच्याच महिन्यात, बुधवारी, साडेपाच वाजता मी आवराआवर करत होते. समोर डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची रांग लागलेली, किटल्या घेऊन दहा-बारा माणसं. गोजराबाई आणि रेश्मा मागच्या गल्लीने आल्या. पोर शालीत झाकलेलं.

"डागदर म्हनलं, ऱ्हायलेल्या सुया घ्या," गोजराबाई हळूच म्हणाली. "दार तेवडं लावून घ्या, शिस्टर."

मी कार्ड भरलं. दार लावलं नाही.

"मानसं बगत्यात."

"बघू देत."

"आसं काय करता? मी पाया पडते तुमच्या."

"पाया पडू नका. लस मी देणारच आहे, तुम्ही काहीही केलं असतं तरी दिली असती. पण चोरून नाही."

तिचा चेहरा उतरला. मग ती अहोजाहो विसरली. "तू सूड उगवतीयास माज्यावर."

"होय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

ती उठायला लागली. रेश्माने तिचा पदर धरला नाही. तिने फक्त शाल काढली, पोराची मांडी उघडी केली आणि उजेडात, दारासमोरच्या बाकावर जाऊन बसली. मी टोचलं. पोराने टाहो फोडला तशी डेअरीची सगळी रांग वळून बघू लागली.

"काय गोजराबाय?" भिवाजीने तिथूनच हाक मारली. डेअरी त्याचीच, आणि त्याच्या सुनेलाही बाळाच्या लशीला हिनेच येऊ दिलं नव्हतं. "तुमीबी सुई टोचाय लागला व्हय? मग त्या टावरमदल्या पोराचा पाय कशानं गेला?"

गोजराबाई उंबऱ्यात उभी होती. बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. मला वाटलं, तोंड फिरवून निघून जाईल.

"गेला न्हाई पाय," ती म्हणाली. रांगेपर्यंत पोचलं नाही, म्हणून परत म्हणाली, मोठ्यानं. "गेला न्हाई. सुजला व्हता. म्या चोळला व्हता. सुई टोचल्याली जागा म्या दोन दिस चोळली."

भिवाजी किटलीचं झाकण हातात धरून तसाच उभा. हे टॉवरपर्यंत पोचायला रात्रसुद्धा लागणार नव्हती, आणि सकाळी सहाला तिला पहिल्या घरी जायचं होतं.

ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण नजरेत नुसता जाळ. "झालं तुजं समाधान?"

"नाही," मी म्हणाले आणि कार्ड रेश्माच्या हातात दिलं. "पुढचा डोस अठ्ठावीस दिवसांनी. सकाळी दहाला या, सगळ्यांबरोबर रांगेत बसा. आणि येताना भिवाजीच्या सुनेला बाळासकट घेऊन या. तिच्या घरात ‘लस नको’ म्हणून तुम्हीच सांगून आला होता."